आपल्याला काय त्याचं!

५ जानेवारी २०२४. भर दुपारी पुण्यात, कोथरूडच्या सुतारदऱ्यात, शरद मोहोळवर त्याच्याच बरोबर वावरणाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. आणि लोक काय म्हणाले? "गुंडानं गुंडाला मारलं, आपल्याला काय त्याचं!"

काय म्हणजे? तो काही माळरानावर नाही मेला. दाटीवाटीची वस्ती आहे ती. एखादं पोर दप्तर घेऊन तिथूनच येत असतं तर? सीसीटीव्हीतली ती दृश्यं मात्र आपण चवीनं पाहिली, पुढे पाठवली. गणपतीत कुठल्यातरी 'भाऊं'च्या फ्लेक्सखाली निमूट वर्गणीची पावती घेणारेही आपणच. (तेव्हा बरं कुणी म्हणत नाही, आपल्याला काय त्याचं!) पोलीस चौकीत सह्यांचं एक साधं पत्र द्यायचं म्हटलं, की पहिली सही कुणाची यावरच घोडं अडतं.