आधी जेवण, मग फी

गरिबाघरच्या हुशार मुलाची वाट फीपेक्षा पोटाने अधिक अडवली, ही महाराष्ट्राच्या शिक्षणाची जुनी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्यात माधुकरी मागून, वार लावून जेवून कितीतरी मुले शिकली. त्या घरांचे उपकार मोठेच होते. पण त्या पंगतीला महार-मांगाच्या, कुणब्याच्या मुलाला पान मिळत नव्हते.

कोल्हापुरात शाहू महाराजांना नेमके हेच दिसले. 1901 साली मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी राहिली. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. त्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून भाऊराव पाटील या विद्यार्थ्याला जैन बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी पुढे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका चुलीवरचे जेवू घातले. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा! मला तर ही बाई संस्थेची खरी पहिली देणगीदार वाटते. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत, शिकत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची काळजी त्या कष्टांतच घेतलेली होती.

बाबासाहेब आंबेडकरांना 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तसे 1917 मध्ये, तिथून लंडनला जाऊन सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला तिथे कोणी राहायला जागा देईना. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले ते स्वतःची बचत, नवल भथेना या मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. अशा माणसाच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू करावे, हे अगदी स्वाभाविक होते.

आज शुल्कमाफी आहे, शिष्यवृत्त्याही आहेत. तरी बीडची किंवा नंदुरबारची मुलगी पुण्यात प्रवेश मिळूनही घरी राहते, ती खोलीभाडे आणि मेसच्या पैशांपायी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आली, हे चांगलेच झाले. पण मेसवाला महिन्याच्या महिन्याला पैसे मागतो. अनुदान वर्षाच्या शेवटी आले, तर मधले महिने काढायचे कसे? देणगीदारांनी कॉलेजच्या इमारतीला वडिलांचे नाव जरूर द्यावे, पण त्याआधी तालुक्यातल्या दहा मुलींच्या वर्षभराच्या जेवणाचा खर्च उचलावा. आणि सरकारने पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यातच मुलांच्या खात्यात जमा करावा.