खतावणीची दुसरी बाजू

‘एका हाताला हे, तर दुसऱ्या हाताला ते’ अशा अर्थाचा ‘ऑन द अदर हँड’ हा इंग्रजी वाक्प्रचार व्यापाऱ्याला नवा नाही. त्याच्या खतावणीत जमा आणि नावे समोरासमोरच असतात. अनेकान्ताची शिकवणही हीच आहे.

जालन्याचेच उदाहरण घ्यावे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ स्थापन केली. २००२ मध्ये या कंपनीच्या बीटी कपाशीला केंद्राची परवानगी मिळाली. बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या. ही झाली जमा. पुढे गुलाबी बोंडअळी या वाणांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात कपाशीचे मोठे नुकसान झाले. हे झाले नावे.

केवळ जमा पाहणारा बेसावध राहतो, केवळ नावे पाहणारा उद्यमच सोडतो. बियाण्यासोबत बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरले, तर अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. उधारीवर बियाणे देणाऱ्या दुकानदाराने तिचे महत्त्व समजावून सांगण्यात त्याचेही हित होते. कारण शेतकऱ्याचे पीक बुडाले की दुकानाची उधारीही बुडते.