इकडचे दुसरे वर्ष, तिकडचे पहिले

टेंभुर्णीहून पुण्याच्या रस्त्याला लागले की भीमानगर येते, मग भीमेवरचा पूल, आणि पूल ओलांडला की पुणे जिल्हा सुरू. एसटीने फार वेळ लागत नाही. आमच्याकडच्या लेकी तिकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे सुना होऊन येतात. सोयरिकी नदीने कधी अडवल्या नाहीत. पण या पुलावर मुलीचे कॉलेजचे दुसरे वर्ष अडते, हे मला गेल्या वर्षी कळले.

माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेल्या एका विद्यार्थिनीची ही मुलगी. अन्न व पोषण हा विषय घेऊन बी.एस्सी. करत होती, इकडे सोलापूर विद्यापीठात. दोन वर्षे चांगल्या गुणांनी पास झाली आणि उन्हाळ्यात लग्न ठरले. जावई चाकणला कारखान्यात. बोलणी करताना तिच्या आईने सोन्यानाण्याचे काही काढले नाही; एकच अट घातली, शिक्षण पूर्ण करू द्यायचे. सासरच्यांनी ती आनंदाने मान्य केली. चाळीस वर्षांत मी किती हुशार मुलींची शिक्षणे लग्नाने मोडलेली पाहिली असतील! त्यामुळे या लग्नात मी जरा जास्तच कौतुकाने जेवले. महिन्याभरात फोन आला. सासरचे तयार, नवरा तयार, पण कॉलेज तयार नाही.

मी तिच्याबरोबर गेले. कॉलेजचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच ऐकायला मिळाले असते. मुलीने मोबाइलवर क्रेडिट उघडून दाखवली. दोन वर्षांची सगळी तिथे जमा होती. खिडकीतले गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते. म्हणाले, "क्रेडिट आहेत हो मावशी, पण पेपर कुठं आहेत?" म्हणजे काय, तर त्यांच्याकडे अन्नरसायनशास्त्र पहिल्या वर्षाला, हिच्याकडे ते तिसऱ्याला होते. त्यांच्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राचे वेगळे प्रॅक्टिकल, हिने ते दुसऱ्या एका विषयात मिळून केलेले. विद्यापीठाकडून समकक्षतेचे पत्र आणा, नाहीतर पहिल्या वर्षाला बसा, जागा आहे. हिने पिशवीतून जर्नल काढले. मालदांडी ज्वारीच्या भाकरीतले लोह, शेंगदाण्याच्या चटणीतली प्रथिने, भाजी चिरून धुतली आणि धुऊन चिरली तर काय होते, सगळे सुबक अक्षरात. ते कुणी उघडूनही पाहिले नाही. प्रॅक्टिकलचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास. ते तास मुलीने उभे राहून भरलेले असतात.

कागदावर सगळी सोय आहे बरे! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की विद्यार्थी कुठेही जावो, त्याचे शिक्षण त्याच्याबरोबर जाईल. २०२१ मध्ये क्रेडिटची बँकही निघाली. बँकेतली क्रेडिट सात वर्षे टिकतात. पण त्याच नियमात असेही आहे की ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथे किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत. तीन वर्षांच्या पदवीत दोन वर्षे झालेली मुलगी निम्म्याच्या पुढे गेलेली असते! गणित माझा विषय नव्हे, पण एवढे मलाही कळते. चौथे वर्ष केले तर कसेबसे निम्मे भरते. नव्या सुनेने चौथे वर्ष मागायचे कुणाकडे? तिसऱ्याचीच मारामार.

आमच्या वेळी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर अशा चार जिल्ह्यांना मिळून एक शिवाजी विद्यापीठ होते. पंढरपूरची मुलगी कराडला दिली तरी अभ्यासक्रम तोच. २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यापुरते वेगळे विद्यापीठ झाले, ते चांगलेच झाले. साध्या दुरुस्तीसाठी कोल्हापूर गाठावे लागे ते संपले. मात्र जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले की विद्यापीठ बदलते, हे त्याच्यासोबतच आले. आणि जिल्ह्याबाहेर पाऊल पडते ते जास्त करून मुलीचे.

त्यातून या विषयाचे एक वेगळेच दुखणे आहे. इतिहास कुठेही गेला तरी इतिहासच असतो. याला कुठे गृहविज्ञान म्हणतात, कुठे अन्नविज्ञान व पोषण, कुठे पोषण व आहारशास्त्र. परभणीच्या कृषी विद्यापीठात होम सायन्सचे आता सामुदायिक विज्ञान झाले आहे, आणि तिथेच अन्नतंत्रज्ञानाचे वेगळे कॉलेज १९७६ पासून आहे. कुणी बी.ए. आहे, कुणी बी.एस्सी., कुणी बी.टेक. कृषी विद्यापीठांची शिस्त दिल्लीची कृषी परिषद लावते, बाकीच्यांची विद्यापीठ अनुदान आयोग. आता २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञ हे आरोग्यसेवेतले व्यावसायिक ठरले आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी आणखी एक आयोग आला. डाळ तीच, तांदूळ तोच, पण खिचडी प्रत्येक घरची निराळी.

याच कायद्यामुळे २०२५ मध्ये आणखी एक दार बंद झाले. अन्न व पोषण आणि आहारशास्त्र हे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला अनुदान आयोगाने त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मनाई केली. माझा त्याला विरोध नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला काय खायला द्यायचे हे टपालाने आलेल्या पुस्तिका वाचून ठरवू नये. पण लग्न होऊन गेलेल्या, नोकरीमुळे किंवा आजारपणामुळे घर बदललेल्या मुलींचा तो शेवटचा आधार होता. तो काढून घेतला, तर एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची वाट रुंद करायला नको का? महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते बायकांच्या आयुष्याकडे पाहून. आजही त्या विद्यापीठाची कॉलेजे निरनिराळ्या जिल्ह्यांत आहेत, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाताना निदान विद्यापीठ बदलत नाही. बारावीला असतानाच या मुलीने तिथला विचार केला असता तर? पण आपले लग्न कोणत्या विद्यापीठाच्या हद्दीत होणार, हे अठराव्या वर्षी कोणाला ठाऊक असते!

कॉलेजवाल्यांचीही बाजू आहे, ती मी नाकारत नाही. प्रयोगशाळेत ओटे मोजके, गॅस मोजके. एका कॉलेजात गुण हात सैल सोडून देतात, दुसऱ्यात आखडून. परक्या दाखल्यावरच्या गुणांवर माझाही कधी पटकन विश्वास बसला नाही.

म्हणून आम्ही काय करत होतो ते सांगते. आमच्या भागात कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात. त्यांची पोरे दिवाळीनंतर शाळेत यायची, हातात दाखला नसायचा. मी मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचायला लावी, चार गणिते घालून पाही आणि ज्या वर्गात तो शोभेल तिथे बसवी. राहिलेले मधल्या सुट्टीत भरून काढायचे. पुढे २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला. त्याच्या कलम ५ मध्ये लिहिले आहे की एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा मुलाला हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. वाचून बरे वाटले होते. चौदाव्या वर्षापर्यंत हा हक्क आहे. विसाव्या वर्षी, जेव्हा तिला त्याची सर्वांत जास्त गरज पडते, तेव्हा तिच्या हातात विनंती अर्ज.

कॉलेजांना हे अवघड आहे असे मला वाटत नाही. जर्नल उघडून पाहा. विषयाच्या प्राध्यापिकेने मुलीला समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारावेत, ओट्याशी उभे करून एखादा पदार्थ करायला सांगावा. चार-सहा क्रेडिटचे काही राहिले असेल तर ते तिसऱ्या वर्षाबरोबर करून घ्यावे. निम्म्या क्रेडिटची अट घर बदलावे लागलेल्या मुलींसाठी सैल करावी. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. समकक्षतेचा निर्णय प्रवेश बंद होण्याआधी मिळाला पाहिजे. पंधरा दिवसांत, आणि तो कॉलेजच्या पातळीवर. पहिल्या दोन वर्षांचा गाभा राज्यभर एकच ठेवला तर हा खटाटोपही उरणार नाही. माणसाचे शरीर सोलापुरात एक आणि पुण्यात दुसरे असे नाही.

आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आले आहे. अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारात, तालुक्याच्या दवाखान्यात या विषयातले शिकलेले माणूस हवे आहे. आणि दोन वर्षे शिकलेली ही पोरगी चाकणला घरी बसली आहे.

समकक्षतेचे पत्र आले, नाही असे नाही. अर्ज जुलैत दिला होता, पत्र मार्गशीर्षात आले. दोन पेपर वगळता सगळे मान्य. तोवर तिसऱ्या वर्षाचे पहिले सत्र संपले होते, "पुढच्या जूनमध्ये या" असे सांगितले. परवा ती माहेरी आली होती, तेव्हा संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली. चौथा महिना लागला आहे. चहा घेताना म्हणाली, "बाई, ती क्रेडिट सात वर्षं टिकतात ना?"

टिकतात, मी म्हटले.