वाघ जाळण्याआधी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघ मेला की शवविच्छेदन होते, तपासणीसाठी नमुने काढले जातात आणि उरलेला देह अधिकाऱ्यांसमक्ष जाळला जातो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती तशीच आहे, आणि ती योग्य आहे. कातडी, नखे, हाडे बाजारात जाता कामा नयेत. मात्र उद्या याच जंगलात जखमी वाघाच्या उपचाराला ज्यांना धाडायचे, त्या पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांची वाघाचे शरीर आतून पाहण्याची संधीही त्यासोबत जाते.

पशुवैद्यकीच्या पदवीत शरीररचनाशास्त्र पहिल्याच वर्षी येते. शिकवण्याचा मुख्य नमुना गाय-म्हशीचा. कुत्रा, घोडा, कोंबडी तुलनेपुरती. गुरांवर जगणाऱ्या राज्यात हे रास्तच. पण गाईला हासळीचे हाड नसते. वाघाला असते, तेही कोणत्याच हाडाला न जोडलेले, स्नायूंत अडकलेले. एक्स-रेत ते खांद्यापुढे सुटे दिसते. ते आधी कधी न पाहिलेल्या डॉक्टरला तो हाडाचा तुटका तुकडा वाटू शकतो. बछड्याच्या लांब हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्टीची काळी रेघ असते. तीही मोडलेल्या हाडासारखीच दिसते. ही नजर पुस्तकातल्या रेखाचित्रांनी तयार होत नाही. एकाच हाडाच्या दहा वेगवेगळ्या वयांच्या प्रतिमा समोर ठेवल्या तर होते. सीटी स्कॅन असेल तर त्याहून बरे, कारण त्यात शरीराचा एकेक काप उलगडून पाहता येतो.

चंद्रपूर जिल्ह्यात २०१२ साली शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात पंजा अडकलेला ‘साहेबराव’ अनेकांना आठवत असेल. नागपूरच्या गोरेवाड्यात जानेवारी २०२० मध्ये अस्थिशल्यचिकित्सक डॉ. सुश्रुत बाभुळकर आणि पशुवैद्यकांच्या पथकाने त्याला कृत्रिम पंजा बसवला. शुद्धीवर आल्यावर वाघाने तो काढून टाकला. तरीही तो प्रयत्न मोलाचा होता. अशा उपचारांत निघणारे एक्स-रे त्या एका जनावरापुरते राहू नयेत, ते पहिल्या वर्षाच्या वर्गात पोचले पाहिजेत.

विद्यार्थ्याच्या हातातली सुरी काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. स्नायूचा पोत, शिरेची लवचिकता बोटांनाच कळते. पण वाघ, बिबट, अस्वल ही जनावरे विच्छेदनाच्या टेबलावर सहसा येणारच नाहीत; ती प्रतिमांतूनच पाहावी लागतील. प्रतिमांनाही मर्यादा आहेत: गडचिरोलीतल्या कमलापूर कॅम्पच्या हत्तींच्या छातीतून साध्या फिरत्या एक्स-रे यंत्राचे किरण पार होणार नाहीत, पण पायांचे एक्स-रे नक्की निघतील; आणि पाळीव हत्तीला पायांचे दुखणे नेहमीचेच.

यासाठी नवी इमारत नको. चंद्रपूरचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, गोरेवाडा आहे, १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आहे. वनविभाग आणि पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांनी एक करार करावा: उपचारासाठी बेशुद्ध केलेल्या प्रत्येक वन्यप्राण्याचे, जीवाला धोका नसेल तर, आणि मेलेल्या प्रत्येक वाघाचे जाळण्यापूर्वी एक्स-रे काढावेत. देहात गोळी किंवा छर्रा असेल तर तपासालाही त्याचा उपयोग होईल. वय, लिंग, तारीख नोंदवावी. ठिकाण मात्र गुप्त ठेवावे. ही निकड इथेच जास्त आहे: २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ निघाले आणि त्यांतला मोठा वाटा चंद्रपूरचा आहे. वनमंत्री आणि कुलगुरूंनी हा करार येत्या शैक्षणिक वर्षाआधी करावा.