अपघाताची भरपाई ही मेहेरबानी नव्हे



गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या नोंदी, तोडीचा प्रोग्रॅम आणि वाहने यांखेरीज कुणाला दुसरे काही सुचत नाही. पण तोडणी-ओढणीत माणूस जायबंदी झाला तर पुढे काय, हा विचार आपण सारेच टाळत आलो आहोत. "तो मुकादमाचा माणूस, मुकादम बघेल," असे म्हटले की विषय संपतो. आम्हांला हे पटत नाही.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्यातील तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मूळ तत्त्व तेच आहे. कामामुळे व काम चालू असताना अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. चूक मालकाची होती की नाही हे पाहायचे नाही. काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. त्याने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ट्रॅक्टरवर किंवा विजेच्या यंत्रावर शेतीकाम करणारा माणूसही यात धरलेला आहे. तेव्हा हा प्रश्न एकट्या कारखान्याचा नाही, आपल्या वस्तीवरचाही आहे.

हिशेब पाहा. गडी ३० वर्षांचा, पगार महिना १०,००० रुपये. कायद्यातील त्या वयाचा गुणक २०७.९८. अंगठा तुटला तर ३० टक्के अपंगत्व धरतात. पगाराच्या ६० टक्क्यांवर हिशेब केला की भरपाई ३,७४,३६४ रुपये होते. गडी दगावला तर पगाराच्या ५० टक्क्यांवर १०,३९,९०० रुपये.

अशा वेळी चावडीवर पंचवीस-पन्नास हजारांत मिटवायचे आणि कागदावर अंगठा घ्यायचा, ही आपली रीत. पण हक्क सोडल्याचा असा कागद कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत. महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंडही बसू शकतो.

दोन एकरांचा शेतकरी एवढा पैसा आणणार कुठून, असे सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण ज्याचा हात गेला त्याने तरी कुठून आणायचा? यावर उपाय विमा हाच. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मडगार्डवर बसवलेला माणूस त्यात सहसा येत नाही, आणि मग दावा अडतो. पॉलिसीत कोण धरले आहे, हे आजच वाचून घ्या.

आमचे म्हणणे एवढेच, की तोडणी-वाहतुकीचा करार करताना आपण वाहनाचे कागद बघतो, तसाच टोळीतल्या प्रत्येक माणसाच्या विम्याचा कागदही बघावा. तो नसेल तर करारावर सही होऊ नये. ज्याच्या कोयत्यावर आपला ऊस काट्यावर जातो, त्याच्या हाताची किंमत आपण आधीच धरून ठेवली पाहिजे.