गाडी खंय लावतलात?

नाताळच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललं होतं. ज्यांनी रापण पाहिलेली नाही अशा घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. होडीतून जाळं अर्धगोल फिरवून समुद्रात सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरची माणसं दोन तुकड्या करून ओढत आणतात. ओढता ओढता दोन्ही तुकड्या एकमेकींच्या जवळ सरकत येतात. म्हणजे किनारा मोकळा हवा. त्या दिवशी बरोबर मधल्या जागेवर दोन जीपगाड्या वाळूत उभ्या. एका म्हाताऱ्या रापणकराने दोर खांद्यावर तसाच ठेवून हाक मारली, "ओ दादानू, गाडी काढा, रापण येता हा!" आतून उत्तर आलं, "पाचच मिनिटं काका, फोटो काढतो."

समुद्र पाच मिनिटं थांबत नाही आणि जाळ्यातली मासळीही थांबत नाही. दोर गाड्यांना वळसा घालून न्यावा लागला, जाळं एका बाजूला ढिलं पडलं आणि त्या फटीतून बरीचशी बांगडी निघून गेली. पर्यटक निघून गेले. जाताना त्यांनी मासळी मात्र विकत घेतली, घासाघीस करून!

त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्या माणसाने गाडी कुठं लावायची, हे आपण त्याला सांगितलं होतं का? एक पाटी तरी होती का? मालवणहून वायरी, तारकर्ली, देवबाग असा जो रस्ता जातो तो बघा. देवबागला तर एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. रस्ता जेमतेम. सुट्टीत त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या की एस्टी अडकते, गॅसची गाडी अडकते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा वेळी रुग्णवाहिकेला वाट मोकळी मिळेल, अशी खात्री आज कुठला सरपंच देऊ शकेल?

मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं १९८७ साली. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभा ३.१८२. अभयारण्य म्हटलं की आमच्या मच्छीमाराच्या पोटात गोळा येतो, कारण नियमांचा पहिला दांडका आपल्याच पाठीत बसणार हे त्याला ठाऊक आहे. त्याचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु गंमत अशी की ज्या किनाऱ्यावर जाळ्याच्या आसाचा हिशेब मागितला जातो, त्याच किनाऱ्यावर चार चाकी गाडी थेट लाटेपर्यंत गेली तरी कोणी हटकत नाही. जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ मध्ये. पर्यटक आले, खानावळी झाल्या, घरच्या खोल्या भाड्याने लागल्या, चार पैसे आले. हे सगळं चांगलंच झालं. पण गाडी कुठं थांबणार, हा साधा प्रश्न कोणी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतला नाही.

वाळूत गाडी घालण्याने काय होतं, तेही एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वाळूचे उंचवटे असतात, त्यावर मर्यादवेल पसरलेली असते. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण नेमकं ठेवलंय. ती वेल वाळू धरून ठेवते. चाकाखाली वेल गेली की वाळू सुटते, आणि पावसाळ्यातल्या उधाणात ज्याचे माड जातात तो पर्यटक नसतो, आपल्यातलाच कोणी असतो. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूचे उंचवटे सपाट करायला किंवा बदलायला मनाई आहे. म्हणजे जेसीबी लावून तिथं "पार्किंग" करून देतो म्हणणाऱ्या उत्साही मेंबरनेही जरा थांबावं.

दुसरं कासवांचं. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघून पाण्याकडे धावतात. टायरची खोल चाकोरी आडवी आली की ते इवलंसं पिल्लू त्यात पडतं आणि पाण्याऐवजी चाकोरीतूनच चालत राहतं, कावळ्याच्या तोंडी जाईपर्यंत. वेंगुर्ल्याकडे वायंगणीला आणि तिकडे वेळासला गावकऱ्यांनी घरटी राखली. आपल्याकडे निदान त्यांच्यावरून गाड्या तरी जाऊ नयेत.

शिवाय गाडीवाल्याचंही नुकसान आहेच. ओहोटीला कठीण दिसणारी वाळू भरतीला दगा देते. आपले जुने लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. जागेप्रमाणे थोडं मागं-पुढं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे ठाऊक नसतं. मग चाकं रुतली की ट्रॅक्टर शोधत वाडीत येतो. ट्रॅक्टरवाल्याची कमाई होते म्हणा, पण ती काही गावाची नीती होऊ शकत नाही!

मग गाडी लावायची कुठं? माझं उत्तर शेतकऱ्याला विचारून बघा. भात कापून झालं की आपले बरेच मळे पुढच्या पावसापर्यंत पडून असतात, आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तेव्हाच. पावसात होड्या बंद, किल्ल्यावर जाणं बंद, तेव्हा मळ्यात भात. किनाऱ्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, रस्त्याला लागून असलेला मळा यासाठी बघावा. गाडी उभी राहायला, काढायला, वळवायला मिळून साधारण पंचवीस चौरस मीटर जागा धरा. म्हणजे गुंठ्याला चार गाड्या. दहा गुंठ्यांत चाळीस. गाडीमागे पन्नास रुपये फी ठरवली आणि तळ भरला तर एका वेळचे दोन हजार होतात. जमीनमालकाचा वाटा, राखणीला बसणाऱ्या पोराचा रोज आणि उरलेले ग्रामनिधीत.

यात तोटा नाही असं मी म्हणणार नाही. चाकांनी जमीन दाबली जाते, पुढे नांगराला जड जाते. मेरा फुटतात. ज्याच्या ओलीवर कुळीथ, चवळी निघते त्याने हा नाद करू नये, पिकाची जमीन गाड्यांखाली घालायची नाही. खडी, सिमेंट तर मुळीच टाकू देऊ नये, एकदा खडी पडली की तो मळा पुन्हा भाताला येत नाही. बिनशेतीचा प्रश्न येईल म्हणून तलाठ्याला (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आधी विचारून घ्यावं. मालकाशी करार कागदावर, दरवर्षी नवा.

"ग्रामपंचायतीला फी घ्यायचा अधिकार कुठला?" असं काही ग्रामसेवक विचारतात. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आता त्याला महाराष्ट्र म्हणतात) काढून कलम १२४ वाचावं. त्यात यात्राकर आहे आणि गाडीतळ व टांगातळ यांवरची फीसुद्धा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाड्या होत्या हे उघड आहे, म्हणून ठरावाची भाषा विस्तार अधिकाऱ्याला दाखवून घ्यावी. पण गावात येणारं वाहन कुठं थांबेल हे गावाने बघावं, हा विचार नवा नाही. पावती मात्र छापील, क्रमांकाची हवी. शिट्टी घेऊन रस्त्यात उभा राहिलेला आणि पावती न देणारा माणूस एकदा का उभा राहिला, की गावाचं नाव जातं. तो कोणाचा माणूस आहे हेही सगळ्यांना कळतं.

लोक चालत येणार नाहीत, असं हॉटेलवाले म्हणतात. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते, म्हणून माथेरान ओस पडलं काय? अमेरिकेत मेन राज्यात समुद्रकाठी अकेडिया नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्या श्रीमंत, गाडीवेड्या देशातसुद्धा तिथं १९९९ पासून उन्हाळ्यात फुकट बस फिरते, आणि तिथल्या कॅडिलॅक डोंगरावर गाडी न्यायची तर २०२१ पासून हंगामात वेळ आधी राखून ठेवावी लागते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांसाठी, लहान मुलांसाठी वाडीतल्या रिक्षा आहेत. तळापासून किनाऱ्यापर्यंत ठरीव भाडं लावलं तर रिक्षावाल्यांनाही काम मिळेल.

नाताळात जागा शोधायला निघालो तर हाती काही लागणार नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय यायला हवा, आणि त्याआधी सरपंचांनी रापण संघाच्या दोन माणसांना व रस्त्यालगतच्या मळेवाल्यांना घेऊन किनाऱ्यापर्यंत एकदा पायी जावं. रापण कुठं ओढतात, ती जागा खुंट्या मारून दाखवायला आमची मंडळी तयार आहेत.