गंमत गणिताची : एक कॅट की आठ?

काय दोस्तांनो, पावसाळी रविवारी पत्ते निघतातच ना? आज 'एकवीस'चा डाव मांडू. पालकांनो, कपाळाला आठ्या नकोत. आपण चिंचोके लावणार आहोत!

खेळ सोपा. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. एकवीसच्या पुढे गेलात की बाद. पिसणारा नंतर बाद झाला तरी तुमचे चिंचोके गेलेच! त्याचा फायदा मुख्यतः इथेच आहे, बरं का.

माझ्या वर्गातला एकजण म्हणाला, "बाई, कॅट एक घ्या नाहीतर आठ, दहाची पानं तेरात चारच. मग फरक कसला?" प्रश्न झकास होता. वर्गात दोन तट पडले. मग आम्ही फळ्यावर मांडलं.

समजा, तुमच्या हाती सहा आणि पाच आले. एका कॅटात पन्नास पानं उरली, त्यांत दहाची १६. म्हणजे शंभरात ३२. आठ कॅट असतील तर ४१४ उरली, दहाची १२८. शंभरात ३१ लाही थोडी कमीच! दोन लहान पानं निघाल्याचं एका कॅटाला चांगलं जाणवतं, आठांच्या ढिगाला ते कळतही नाही. म्हणून डावपेचही बदलतात. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे, तुमचे अकरा झालेत आणि पिसणाऱ्यासमोर एक्का उघडा आहे, तर एका कॅटात चिंचोके दुप्पट करावेत. आठ कॅट असतील आणि पिसणारा एक्का-सहाच्या सतरावर थांबत असेल, तर नुसतं पान मागावं.

हे सारं आकडेमोड करून दाखवलं एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने, संगणकाच्या मदतीने. त्याचं पुस्तक १९६२ साली आलं. गेलेली पानं लक्षात ठेवणारे शहाणे वाढतील, या धास्तीने लास व्हेगासच्या जुगारघरांनी १९६४ मध्ये नियमच कडक केले. गिऱ्हाइकं रोडावली, तेव्हा ते गुपचूप मागे घ्यावे लागले! पुढे मात्र चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसायची पद्धत पसरली.

एकाचे आठ कॅट केले, तर हजार चिंचोक्यांमागे तुमचं नुकसान साधारण पाचाने वाढतं. त्यातला निम्म्याहून जास्त फरक एकाचे दोन करतानाच पडतो. पिसणाऱ्याने एक्का-सहावर आणखी पान घ्यायचं ठरवलं, तर आणखी दोन जातात.

आता खरी मेख ऐका. एक्का आणि दहाचं पान पहिल्याच वाटपात आलं की दहा चिंचोक्यांवर पंधरा मिळायचे. कित्येक ठिकाणी बाराच देतात, आणि वर पाटी लावतात : 'एकच कॅट!' असा हात शंभर डावांत पाचेक वेळाच येतो. पण प्रत्येक वेळी तीन कमी. बरोबरीचे डाव वगळले, तर हजारामागे तेरा-चौदा चिंचोके गेले! एका कॅटाने वाचवले पाच, बाराच्या नियमाने नेले तेरा. आमचा पोरगा पाटी ऐकून खूश झाला होता. हिशेब झाल्यावर डोकं खाजवत बसला.

आता तुमची पाळी. पहिलं पान बदाम राणी आलं. दुसरीही राणीच येण्याची शक्यता एका कॅटात ५१ पैकी ३. दोन कॅटांत किती? आणि आठांत? वाढते की घटते? उत्तर पुढच्या अंकात.